तंबूत झोपायला काय न्यावं: हवेची गादी, फोल्डिंग कॉट की सेल्फ इन्फ्लेटिंग मॅट?

थंडी पडायला लागली की इंदूरहून चोरल, जानापाव, मांडूकडे तंबू घेऊन निघणारे बरेच असतात आणि खाली अंथरायला काय घेऊ हा प्रश्न हमखास येतो. मी तिन्ही वापरलंय, आता एकच नेतो, पण प्रत्येकाचं अंग वेगळं, सवय वेगळी, म्हणून तिन्हीचं सांगतो.

हवेची गादी आडवं पडल्यावर सगळ्यात छान वाटते, त्यात वादच नाही, कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा, कंबर कुठेच टोचत नाही. माझं तिच्याशी बिनसलं ते पहाटे. संध्याकाळी 27 डिग्रीला भरलेली हवा पहाटे 9 डिग्रीला साधारण 6 टक्के आकसते, वर प्लास्टिक ताणलं जातं ते वेगळंच, म्हणजे पंक्चर नसलं तरी गादी ढिली पडतेच. मध्यरात्री कधीतरी कंबर जमिनीला लागते, जाग येते, मग गारठलेल्या बोटांनी वाल्व्हचं झाकण चाचपायचं, आणि पंप चालू केला की त्या शांततेत आजूबाजूच्या तंबूतली माणसं लहान पोरांसकट जागी होतात. हे मला अजिबात सहन होत नाही. त्यात डबल गादी असेल तर तुम्ही कूस बदलली की शेजारचा वर उचलला जातो. आणि खालून गार लागतं ते आहेच, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीत जाते, स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी पाठीखाली ती दबलेलीच असते.

कॉट आई-बाबांसाठी घ्या. गुडघे दुखणाऱ्याला जमिनीवरून उठवणं नको, विंचूकाट्याची धास्तीही कमी, आणि उन्हाळ्यात खालून वारा खेळतो ते फारच बरं. थंडीत मात्र तोच वारा पाठ गोठवतो, वर काहीतरी जाड अंथरावंच लागतं. आपल्या काळ्या मातीत ओल असेल तर पाय रुततात, त्यांच्याखाली फळीचे तुकडे ठेवा, तंबूचा तळही फाटत नाही. गाडी नसेल तर विचारच करू नका, वजन फार.

सेल्फ इन्फ्लेटिंग मॅटमध्ये आत फोम असतो, वाल्व्ह उघडून अर्धा तास ठेवली की बहुतेक हवा स्वतःच ओढून घेते, वरून चार फुंका मारल्या की झालं. रात्री थोडी ढिली झाली तरी फोम असतोच ना, कंबर टेकत नाही, म्हणून मी सकाळपर्यंत झोपतो. घेताना आर व्हॅल्यू बघा, म्हणजे ऊब किती धरून ठेवते तो आकडा. आत फोम वगैरे काही नसलेल्या, नुसत्या हवेच्या गादीचा तो 1 च्या आसपास, मालव्याच्या थंडीला 3 असला तर माझ्या मते पुरे. आणि दोन थरांचे आकडे जमा होतात, म्हणजे खाली साधी 2 वाली फोमची मॅट टाकली की 5, शिवाय बाभळीच्या काट्यापासूनही बचाव.

महाग पडते, गुंडाळली तरी जागा खाते, सकाळी गुडघ्याने दाबत हवा काढायला वेळ लागतो, हे सगळं खरं. कुशीवर झोपत असाल तर 3 सेंमीवाली घेऊ नका, 5 च्या पुढेच जा. आणि घरी गुंडाळून कपाटात कोंबू नका, वाल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली पसरून ठेवा, नाहीतर फोम दबून बसतो आणि मग नीट फुगत नाही.