मियावाकी की आपसूक वाढ?

उद्यानाचा मागचा कोपरा सुबाभळीने, म्हणजे झपाट्याने पसरणाऱ्या परदेशी झाडाने, भरलाय, काय करावं, असं एका ताईंनी विचारलंय.

मियावाकी म्हणजे देशी झाडं दाटीने लावून झटपट जंगल उभं करायची जपानी पद्धत. तीत चौरस मीटरला तीन-चार रोपं, खोल खणाई, भरपूर खत आणि वर 2-3 वर्षं पाणी. खर्च मोठा, पण हिरवाई लवकर दिसते. आपसूक वाढीला, म्हणजे नवं काही न लावता जागेवरचं देशी झाडझाडोरा आपला आपण वाढू देण्याला, कुंपण आणि धीर पुरतो.

कष्ट तिथेही आहेतच. सुबाभूळ नुसती छाटली की बुंध्यातून पुन्हा फुटते. कोवळी रोपं पावसाळ्यात, माती ओली असताना, मुळासकट उपटा. मोठ्या झाडांच्या शेंगा तडकण्याआधी काढा. वणवा आणि चराई थांबली की पळसाच्या जुन्या खोडांना धुमारे येतात.

राडारोड्याची छोटी जागा, जवळ नळ: मियावाकी. पुण्याच्या टेकड्यांसारखा गवताळ, उथळ मातीचा उतार असेल तर मियावाकी नकोच. दाट सावलीत तिथलं गवत मरतं.