बाबांना केअर होममध्ये ठेवून वर्ष होत आलं, अनुभव लिहितोय

बाबा 81 वर्षांचे, पार्किन्सन आहे, पुण्याबाहेरच्या एका खाजगी केअर होममध्ये राहतात. नाव लिहीत नाही, एकतर वाद नकोय आणि दुसरं म्हणजे आधी आम्ही अजून दोन-तीन जागा बघितल्या होत्या तिथेही उन्नीस-बीस असंच होतं. जेवण चांगलं आहे, पोळ्या मऊ असतात, कवळी नीट न बसणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे. खोल्या स्वच्छ, गणपती-दिवाळी जोरात. त्याबद्दल तक्रार नाही.

मेन मुद्दा औषधांचा. पार्किन्सनची गोळी म्हणजे लेव्होडोपा, ती वेळच्या वेळी लागते आणि शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ-दूध-अंडं असं प्रोटीन सोबत गेलं की ती नीट लागू पडत नाही. उशीर झाला की बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि तोल जातो. आता होमचे राउंड तीनच, नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, आणि बाबांच्या गोळ्यांच्या वेळा चार, त्याही वेगळ्या. मग काय, सगळं नाश्त्या-जेवणाबरोबरच! एकदा सकाळीच जाऊन बसलो तर ट्रेमध्ये छोट्या डब्या, वर मार्करने खोली नंबर, आत स्ट्रिपचे कात्रीने कापलेले एकेक गोळीचे तुकडे. त्या तुकड्यांवर ना औषधाचं नाव ना एक्सपायरी. विचारलं सिस्टर ही कुठली, तर म्हणे "ती सकाळची पांढरी". चार्ट मागितला तर अख्ख्या दिवसाच्या सह्या सकाळीच करून ठेवलेल्या, रात्रीच्या गोळीसकट.

भांडलो नाही. न्यूरोलॉजिस्टकडून वेळा लिहून आणल्या आणि मॅनेजर मॅडमना प्रत दिली. त्यांनी ऐकलं हे मान्य करायला हवं. आता अख्खी स्ट्रिप पाकिटात असते, सिस्टरच्या मोबाईलवर अलार्म लावलाय आणि सही गोळी दिल्यावर होते. बाबांच्या चालण्यात मला तरी फरक दिसतो.

रात्रीचं मात्र अजून जमलेलं नाही. माहितीपत्रकात 24 तास नर्सिंग लिहिलंय, प्रत्यक्षात रात्री अख्ख्या बिल्डिंगला एक सिस्टर खाली आणि मजल्यावर एक मावशी, त्या मावशींची बारा तासांची ड्युटी, त्यात एखाद्या आजींना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते नाहीतर पाठीला जखमा होतात, मग त्या आत असताना बाहेर कोणी बेल वाजवली तर जाणार कोण? त्यांना दोष देत नाही, हिशोबच चुकीचा आहे. बाबा पहाटे बाथरूमला जाताना पडले आणि आम्हाला फोन आला दहा वाजता, "काका थोडेसे घसरले, काळजी करू नका". कपाळावर टेंगूळ, आणि बाबा रक्त पातळ व्हायची गोळी घेतात, म्हणजे डोक्याला मार लागला की लगेच डॉक्टरला दाखवायला हवं! स्कॅन नॉर्मल निघाला म्हणून ठीक. बाथरूममधला धरायचा दांडा हलवून बघितला तर भिंतीतल्या स्क्रूच्या प्लगसकट बाहेर यायला लागला. बदलून दिला, पण मी धरून हलवला तेव्हा. कोण कधी पडलं याचं रजिस्टरच नव्हतं, ते आता सुरू केलंय.

माझी बहीण इंग्लंडमध्ये असते, तिने पहिला प्रश्न विचारला की रेटिंग काय आहे. तिकडे केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी यंत्रणा तपासणी करते आणि निकाल होमला दर्शनी लावावा लागतो. आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण त्यात जोर पोटगीवर आणि सरकारने वृद्धाश्रम काढण्यावर. खाजगी केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा हे सगळं 2019 च्या दुरुस्ती विधेयकात होतं, ते मंजूरच झालं नाही. म्हणजे तपासणारे आपणच. सरकारी हेल्पलाइन 14567 आहे ज्येष्ठांसाठी, तो नंबर बाबांच्या फोनमध्ये टाकून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र कायद्यात आहे आणि ती कोणी विचारत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या फायर कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्मचं सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. मी मागितलं तर जानेवारीचं निघालं, जुलैचं "येतंय". मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप, कारण विसराळू आजोबा बाहेर निघून जातात. कारण खरं आहे हो, पण चावी मॅनेजरच्या टेबलात आणि मॅनेजर रात्री घरी! आता चावी मजल्यावरच्या मावशींकडे असते. अंथरुणावरच असलेल्या तिघांना दुसऱ्या मजल्यावरून खाली आणा असंही सांगितलं, एकाला आणलंय.

ठेवावं का असं कोणी विचारलं तर हो म्हणेन, घरी आम्ही दोघं नोकरीवाले, यापेक्षा बरं जमलं नसतं. पण बघायला जाल तर रात्री नऊनंतर जा, दुपारी सगळेच छान दिसतात. आता त्यांनी पुढच्या महिन्यापासून तीन हजार वाढ मागितलीय. मी कळवलंय की रात्री मजल्यावर दुसरा माणूस देणार हे करारात लिहून द्या, मग वाढ देतो. अजून उत्तर नाही.