जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय? मीटर आणि टँक युनिट दोन्ही घेऊन नाना पेठेतल्या मीटरवाल्या काकांकडे जा

माझी स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली. ऑनलाइन मागवलेलं नवीन टँक युनिट (टाकीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटवरून मीटरला पातळी कळवणारा पार्ट) बसवल्यापासून टाकी रिकामी असली की काटा फुलवर आणि पेट्रोल भरलं की काटा खाली. विकणाऱ्याचं एकच पालुपद, युनिट युनिव्हर्सल आहे, सगळ्या गाड्यांना चालतं, तुमचा मीटरच गेला असेल. मग या काकांनी युनिट हातात घेतलं, मल्टीमीटर लावला, फ्लोटचा दांडा खाली सोडला तर जवळपास शून्य ओहम, वर उचलला तर 90. म्हणाले, "साहेब हे अमेरिकन गाडीचं गणित आहे, तुमचा मीटर स्मिथ्सचा, त्याला उलटं लागतं."

लोक इथेच फसतात हो. रिकामी ते फुल असं धरलं तर अमेरिकन जीएमच्या गाड्यांचं 0 ते 90 ओहम, व्हीडीओ कंपनीच्या मीटरचं 10 ते 180, स्टुअर्ट वॉर्नरचं 240 ते 33 आणि जुन्या फोर्डचं 73 ते 10. मीटर एका घरातला आणि युनिट दुसऱ्या घरातलं असेल तर दोन्ही कोरे करकरीत असूनही काटा चुकणारच. रेझिस्टर लावा म्हणजे झालं असं कुणीही सांगतं, पण त्याने थोडाफार फरक जुळवता येतो तोही दोघांची दिशा एकच असेल तर, उलट्याचं सुलटं त्याने होत नाही.

काकांनी मग आधी जुनं युनिट मागितलं, नशीब ते जपून ठेवलं होतं. पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं, मग गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून धरला आणि सांध्यापाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, म्हणजे भोक तिथे. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, सुकवून, मगच डाग दिला (सोल्डर केलं), घाई अजिबात केली नाही आणि हे मला फार आवडलं कारण पेट्रोलची वाफ आत असताना डाग देणं म्हणजे जिवाशी खेळ.

मीटर तपासायची पद्धतही बघण्यासारखी. या मीटरमध्ये बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडलेली पट्टी असते, तिच्यावरची तार तापते, पट्टी वाकते आणि काटा हळूहळू चढतो, त्यामुळे किल्ली दिल्यावर काटा सावकाश वर येणं हा बिघाड नाही. टपकन उडी मारणारा काटा म्हणजे कॉइलवाला मीटर, त्याची जातच वेगळी आणि युनिटही वेगळं. बायमेटलवाल्याला स्टॅबिलायझरमधून (व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी डबी) 10 व्होल्ट मिळतात, म्हणून थेट 12 व्होल्ट देऊन युनिटची वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला टेकवायची गॅरेजवाली टेस्ट काका करूच देत नाहीत, तार जळते. त्यांनी टेबलावर बरोब्बर 10 व्होल्ट दिले, युनिट जोडलं, खाली, मध्ये आणि वर असं तिन्ही ठिकाणी काटा स्थिर होईपर्यंत थांबून बघितलं आणि फ्लोटचा दांडा किंचित वाकवून जुळवलं.

स्टॅबिलायझरचे जुने पॉइंट गेलेले होते, तर त्याच डबीत 7810 हा 10 व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवून दिला, बाहेरून काही कळत नाही. त्याआधी बॅटरी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह हे विचारून घेतलं, कारण पॉझिटिव्ह अर्थ असती तर 7910 लागला असता. टाकीला अर्थची वेगळी वायरही द्यायला सांगितली, नवीन रंगामुळे टाकीचा बॉडीशी अर्थ नीट लागेल याचा भरवसा नाही म्हणून.

तक्रार म्हणाल तर वेळ लागतो, अगदी चिकाटी हवी, फोन बहुतेक उचलत नाहीत आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही. गाडी नेऊच नका, दोन्ही पार्ट काढून न्या. पैसे मात्र वाजवी, त्या ऑनलाइन युनिटपेक्षा कमीच झाले. आता अर्धी टाकी म्हणजे काटा अर्ध्यावर, टाकीत मोजपट्टी टाकून बघितलंय. ज्यांच्या गाडीत टेम्परेचरचा काटाही त्याच स्टॅबिलायझरवर आहे आणि दोन्ही काटे एकदम जास्त दाखवतायत त्यांनी युनिट विकत घ्यायच्या आधी स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग बघा, काका ते आधी तपासतात.