ग्रासलँड्स की प्रिन्स अल्बर्ट? सास्काचवानमध्ये एकच ट्रिप जमणार असेल तर

उन्हाळा आला की कॅनडातल्या सास्काचवान प्रांतात, सास्काटूनमधल्या आपल्या लोकांत हा प्रश्न निघतोच. भारतातून आई-बाबा येणार, लाँग वीकेंडला जोडून एखादी सुट्टी मिळणार, मग वर उत्तरेला प्रिन्स अल्बर्ट नॅशनल पार्कला जायचं की खाली दक्षिणेला ग्रासलँड्स नॅशनल पार्कला? दोन्हीकडे उन्हाळ्यात राहिलोय, प्रिन्स अल्बर्टला हिवाळ्यातही, त्यामुळे जे अनुभवलं ते लिहितो. रॉकी डोंगरातलं बॅन्फ-जॅस्पर इथे धरलेलंच नाही, ज्यांना प्रेअरीतले, म्हणजे या मैदानी मुलखातले, प्राणी-पक्षी बघायचेत त्यांच्यासाठी हे आहे.

सोयीचं म्हणाल तर प्रिन्स अल्बर्ट, यात वादच नाही. सास्काटूनहून अडीच-तीन तासांत पार्कातलं वास्केसू गाव, तिथे लॉज, केबिन, दुकानं, बीच सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर हे फार महत्त्वाचं. एल्क (मोठी हरणं) तर गावातच चरत फिरतात, आणि सप्टेंबरात नर माजावर आले की त्यांची ती लांबलचक शीळ रात्री केबिनमध्ये पडल्या पडल्या ऐकू येते. बाउंड्री बॉगच्या दलदलीत फळ्यांच्या वाटेवरून चालताना किडे खाणारी पिचर प्लांट अगदी पायाशी दिसतात. पॅडलिंग येत असेल तर किंग्जमिअर तलावातून पुढे आजावानपर्यंत जाता येतं, तिथे ग्रे आउलची केबिन आहे, १९३०च्या दशकात बीव्हर वाचवा म्हणून कॅनडा-ब्रिटनमध्ये सांगत फिरलेला माणूस. रानात मोकळे फिरणारे बायसनही (उत्तर अमेरिकेतले रानगव्यासारखे प्राणी) या पार्कात आहेत, १९६९ मध्ये अल्बर्टातल्या एल्क आयलंड पार्कहून आणून सोडलेल्यांचे वंशज, फक्त ते पार्कच्या नैऋत्य कोपऱ्यात, वास्केसूपासून बरेच लांब, आणि तिथे गेल्यावर दिसतीलच असं नाही.

पण डास. मला माहितीये की कॅनडात डास सगळीकडेच आहेत, आणि कुणी म्हणेल की एवढ्यावरून पार्क ठरवतात का. माझं तरी त्यावरूनच ठरलं. जून-जुलैत संध्याकाळी पाण्याच्या काठी उभं राहिलं, समोर बीव्हर पाणी कापत येतोय, दुर्बीण डोळ्याला लावली की दोन्ही हात अडकले आणि मनगटं, कान, मान सगळं डासांना मोकळं. डीट (डास पळवणारं औषध) फासलं तरी दुर्बिणीला बोटं लागतात तेवढ्या जागा पुसल्या जातात. जाळीची टोपी घातली तर दुर्बिणीमुळे जाळीच डोळ्यांवर दाबली जाते, समोरचं धुरकट दिसतं आणि जाळी कातडीला चिकटली की डास तिच्यातूनच चावतात. प्राणी बघणं म्हणजे शेवटी एका जागी गप्प उभं राहणं, आणि तिथे नेमकं तेच जमत नाही, पाच मिनिटांत पाय आपोआप गाडीकडे वळतात. गाडीतून बघावं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची भिंत, अस्वल दिसलं तरी रस्ता ओलांडेपर्यंतच.

ग्रासलँड्सला वारा आहे. दिवसभर, न थांबता. फ्रेंचमन नदीच्या काठाला, विशेषतः संध्याकाळी वारा पडला तर, तिथेही डास भेटतात, पण वर माळावर चढलं की त्यांचा टिकाव लागत नाही. मग तुम्ही अर्धा तास एका जागी बसू शकता, आणि बसलं की माळ उलगडायला लागतो. पार्कच्या पश्चिम भागात, वेस्ट ब्लॉकमधल्या इकोटूर रस्त्यावर प्रेअरी डॉगच्या (कुत्रे नव्हे, बिळात राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांच्या) वसाहती आहेत, काळ्या शेपटीचे हे प्रेअरी डॉग कॅनडात रानात फक्त याच भागात आहेत. एकाने इशारा दिला की सगळी वसाहत बिळाच्या तोंडाशी उभी, मग आपणही वर बघायचं, बहुतेक वेळा ससाणा किंवा गरुड असतो. त्यांच्याच जुन्या बिळांत बरोइंग आउल हे छोटं घुबड राहतं. प्राँगहॉर्न हा हरणासारखा, एवढा वेगवान प्राणी, पण कुंपण आलं की उडी मारत नाही, खालून सरकतो, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सगळ्यात खालची तार वर घेतात, हे मी तिथे निवांत बसूनच बघितलं. आणि बायसन! २००५ च्या डिसेंबरात एल्क आयलंडहूनच ७१ आणले, त्याआधी शंभराहून जास्त वर्षं या माळावर एकही नव्हता. आज कळप दोन-दोन किलोमीटरवरून दिसतो, झाड मधे येतच नाही. (जवळ मिळाला तरी शंभर मीटर अंतर ठेवाच.)

सेज ग्राऊस हा माळावरचा दुर्मिळ पक्षी दिसेल ही आशा मात्र ठेवू नका. नान्नजला माळढोक शोधत फिरलेल्यांना हे दुखणं माहीत आहे, माळ पडीक समजून नांगरला गेला की त्यावरच जगणारा पक्षी आधी जातो. मला ग्रासलँड्स जवळचं वाटतं त्यात याचाही भाग आहे, जंगल वाचवायला लोक पटकन तयार होतात, गवत वाचवायला फार थोडे.

आता तिथला त्रास. सावली नाही, म्हणजे खरंच नाही, जुलैच्या दुपारी वयस्कर माणसांना घेऊन ट्रेलवर जाऊ नका, सकाळी आणि संध्याकाळीच फिरा. रॅटलस्नेक आहेत, त्यामुळे बंद बूट, आणि हात टेकण्याआधी जागा बघायची. मे-जूनमध्ये टिक्स (गोचिड), रात्री कपडे झटकून अंग तपासायचं. पार्कजवळचं व्हॅल मरी गाव छोटंसं आहे, राहायच्या जागा थोड्या, लवकर भरतात. आणि पाऊस पडला तर तिथली चिकणमाती, इथे तिला गंबो म्हणतात, आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी टायरला लपेटते, तेव्हा कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नये, उन्हात वाळेपर्यंत थांबावं.

हिवाळ्याचा विचार असेल तर माझं उत्तर उलटं आहे. जो वारा उन्हाळ्यात डास उडवतो तोच जानेवारीत उणे तीसला गालाची कातडी जाळतो, आणि माळावर आडोसा कुठेच नाही. तेव्हा प्रिन्स अल्बर्टची तीच स्प्रूसची भिंत वारा अडवते, झाडीतल्या ट्रॅकवर स्कीइंग आरामात होतं, ताज्या बर्फात लांडग्यांच्या पावलांचे ठसेही मिळू शकतात.

लहान मुलं असतील, पाण्यात खेळायचं असेल, रोज संध्याकाळी आइस्क्रीम हवं असेल तर वास्केसूला जा, मजाच येईल. पण कुणी घरून दुर्बीण घेऊन येणार असेल तर मी ग्रासलँड्सच म्हणेन, शक्यतो सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, ऊन उतरलेलं असतं आणि टिक्सही संपत आलेले असतात. सास्काटूनहून चारशेच्या जवळ किलोमीटर होतात, वाटेतल्या स्विफ्ट करंट शहरात टाकी फुल करा, पिण्याचं पाणी आणि दोन दिवसांचं खाणं तिथूनच घ्या, आणि मुक्काम निदान दोन रात्रींचा ठेवा, एक दिवस पावसात गेला तरी दुसरा हातात राहतो.