फर्मीचा मोफत डेटा: गॅमात गप्प बसलेल्या जेटसाठी कितपत कामाचा?

दीर्घिकेच्या गाभ्यातल्या कृष्णविवराजवळून सुटणारा झोत, म्हणजे जेट. रेडिओत तो लखलखतो, पण गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या यादीत त्याचं नाव नाही. अशा दीर्घिकांवर काम करायचं तर नासाच्या फर्मी सपोर्ट सेंटरची डेटा-सेवा आणि फर्मीटूल्स हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर यांना पर्याय नाही. दोन्ही फुकट. फॉर्ममध्ये जागा, त्रिज्या, काळ आणि ऊर्जा भरली की फोटॉनच्या फायली आणि यानाची फाइल हातात. इथवर पैकीच्या पैकी गुण.

फसगत होते ती नुसत्या यादीवर विसंबणाऱ्यांची. ४एफजीएल-डीआर४ या फर्मीच्या स्रोतयादीत ७,१९४ स्रोत आहेत, पण निवड १४ वर्षांच्या एकत्रित डेटावर झालेली. दोन आठवडे भडकून विझलेला जेट त्यात बुडून जातो. टीएस (स्रोत खरा असण्याची खात्री सांगणारा आकडा) यादीच्या २५ या उंबरठ्याखाली राहिला म्हणजे तो गॅमा सोडतच नाही, असं नव्हे.

दुसरी अडचण दुर्बिणीच्या पट्ट्याची. ब्लेझार म्हणजे जेट जवळजवळ आपल्याकडे रोखलेली दीर्घिका. ज्या ब्लेझारचं सिंक्रोट्रॉन शिखर (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश जिथे सर्वाधिक, ती वारंवारता) सुमारे २५ लाख कोटी हर्ट्झच्या खाली असतं, त्याचं वरच्या ऊर्जेचं दुसरं शिखरही बहुधा १०० एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) खाली सरकतं. एलएटी या फर्मीवरच्या मुख्य दुर्बिणीला दिसते ती फक्त उतरती शेपटी. त्यात डॉप्लर गुणांक (जेटच्या वेगामुळे आपल्या दिशेने तेज किती वाढतं, त्याचं माप) कमी असला तर आणखी वाईट: जेटबाहेरचे फोटॉन उधळून तयार होणारा गॅमा रेडिओपेक्षा कोनाला जास्त संवेदनशील, त्यामुळे जेट जरा कलला की आधी गॅमाच मावळतो.

म्हणून गॅमा तेज जास्तीत जास्त किती असू शकतं, ही वरची मर्यादा स्वतः काढावी. फर्मीटूल्समधल्या जीटीसिलेक्ट या फोटॉन निवडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इव्हक्लास १२८, इव्हटाइप ३ (फोटॉनचे वर्ग आणि प्रकार), झेनिथ (शिरोबिंदूपासूनचा कोन) ९० अंश, त्रिज्या १५ अंश. मग चांगल्या वेळा निवडणारा जीटीएमकेटाइम, निरीक्षणकाळ मोजणारा जीटीएलटीक्यूब, शेवटी मॉडेल जुळवणारा जीटीलाइक. मॉडेलमध्ये त्या १५ अंशांच्या कडेबाहेरचे स्रोतही घ्यावेत: १०० एमईव्हीला प्रतिमा सुमारे ५ अंश पसरते, म्हणजे दहा पूर्णचंद्र एका ओळीत! शेजारचा तेजस्वी ब्लेझार विसरलात तर त्याचेच फोटॉन तुमच्या जेटच्या खात्यावर जमा होतात. टीएस पाच-सहाच्या आत असेल तर वर्णपटाचा घातांक (ऊर्जा वाढते तसे फोटॉन किती झपाट्याने कमी होतात ते) २.५ च्या आसपास गोठवा. मोकळा सोडला तर तो मर्यादेला जाऊन चिकटतो आणि उत्तर निरर्थक येतं. महिनावार तुकडे पाडलेत तर १८० तुकड्यांपैकी एखाद्यात टीएस ९ निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, त्यावर शोधनिबंध लिहायला बसू नका.

आकाशगंगेच्या पट्ट्यापासून १० अंशांच्या आतला जेट असेल, तर विखुरलेल्या पार्श्वभूमीमुळे मर्यादा इतकी सैल येते की तिथे ही मेहनत सहसा फळत नाही.