ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत अ‍ॅक्सोलॉटल: पंखा, बर्फ, एसी की चिलर?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अ‍ॅक्सोलॉटल (जन्मभर पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला सॅलॅमँडर) पाळायचं मनात असेल, तर टाकीचा आकार, सजावट, रोपं हे सगळं नंतर. आधी एकच गोष्ट ठरवा: पाणी वर्षभर १६ ते १८ अंश सेल्सियसवर कसं ठेवणार? २० पर्यंत चालतं, त्यापुढे नाही. हा जीव मूळचा मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातल्या तळ्या-कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून जास्त उंचीवरचा. आपण राहतो खाडीकाठी. वाशीच्या किंवा घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये काहीही न करता ठेवलेलं पाणी मे महिन्यात २९-३० अंशांवर असतं, आणि रात्रीही फारसं उतरत नाही.

पाणी २४ अंशांच्या वर राहू लागलं की अ‍ॅक्सोलॉटल खाणं सोडतो आणि कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: १८ अंशांना लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यातच त्याच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पाणी तापलं की जास्त विषारी होतो. म्हणून पाणी गार ठेवणं आणि स्वच्छ ठेवणं ही दोन वेगळी कामं समजू नका.

पंखा: आपल्याकडे नाहीच

टाकीवर लावायचे छोटे पंखे सगळ्यात स्वस्त, म्हणून दुकानात पहिला सल्ला त्यांचाच मिळतो. पुण्या-नाशिककडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते बरंच काम करतात. इथे करत नाहीत, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पंखा पाणी गार करतो ते बाष्पीभवनाने. हवेत आधीच बाष्प असेल तर बाष्पीभवन मंदावतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊच शकत नाही. मेमध्ये ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर हा आकडा २७ च्या आसपास येतो. जुलैत हवा २९ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते आणि आकडा पुन्हा तोच, २७. म्हणजे चांगल्यातला चांगला पंखा लावला तरी पाणी धोक्याच्या रेषेच्या वरच. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत त्याचा थोडा आधार होतो, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही.

बर्फाच्या बाटल्या: फक्त अडीअडचणीला

हिशेब करून बघा. शंभर लिटर पाणी २९ वरून १९ अंशांवर आणायचं तर १,००० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून १९ अंशांपर्यंत येताना जेमतेम १०० किलोकॅलरी घेतो. म्हणजे एकदा पाणी उतरवायलाच दहा किलो बर्फ, आणि खोलीची उष्णता तर दिवसभर आत शिरतच राहणार. घरच्या फ्रीजरचं हे काम नाही. शिवाय बाटली टाकली की तापमान घसरतं, बर्फ संपला की चढतं, आणि ही चढउतार त्या जिवाला सोसत नाही. तरीही चार बाटल्या कायम गोठवून ठेवा. महावितरणने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली तर त्याच कामी येतात.

एसी की चिलर

खरी निवड या दोघांत आहे: सगळी खोली गार करणारा एसी, की टाकीचं पाणी स्वतःमधून फिरवून गार करणारं यंत्र, म्हणजे चिलर. एसीच्या बाजूने एक मोठा मुद्दा: बऱ्याच घरांत तो आधीच असतो. पण माणसांसाठी आपण २४-२५ अंश लावतो, आणि तेही रात्रीपुरतं. अशा खोलीतलं पाणी रात्री कसंबसं २५-२६ वर येईल आणि सकाळी पुन्हा चढेल. अ‍ॅक्सोलॉटलसाठी एसी म्हणजे चोवीस तास, १८ अंशांवर, वर्षातले बहुतेक महिने. छोट्या खोलीतही दिवसाला निदान सात-आठ युनिट धरून चाला. घरातला बाकीचा वापर त्यात मिसळला की महिन्याचं बिल ३०० युनिटांपुढच्या चढ्या दरात जातं. ज्यांच्याकडे एकाच खोलीत तीन-चार टाक्या आहेत, त्यांनाच हा मार्ग परवडतो.

चिलरचा पहिला खर्च अंगावर येतो. टाकी, फिल्टर आणि प्राणी मिळून जेवढे पैसे लागतात त्यापेक्षा एकटा चिलर महाग पडतो. पण तो फक्त पाणी गार करतो, सगळी खोली नाही. मागून, बाजूंनी आणि खालून थर्माकोल लावलेल्या शंभर लिटरच्या टाकीला तो दिवसाला एक-दोन युनिटांत सांभाळेल असा माझा अंदाज आहे. हा जीव नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. तेवढ्या वर्षांची बिलं मांडली की चिलरच स्वस्त ठरतो. एका टाकीसाठी माझं मत ठामपणे चिलरच्या बाजूने आहे.

घेताना मात्र कॉम्प्रेसरवाला घ्या. पेल्टियर पद्धतीचे (कॉम्प्रेसरऐवजी वीज दिली की एका बाजूने गार होणाऱ्या चकतीवर चालणारे) छोटे, बिनआवाजाचे चिलर स्वस्त असतात, पण शंभर लिटर पाणी ते दोन-चार अंशच खाली आणतात. आपल्याला दहा-बारा अंश उतरवायचे आहेत. डब्यावर लिहिलेल्या लिटरच्या आकड्यावरही विसंबू नका. किती अंश उतरवतो ते विचारा आणि शंका असेल तर एक माप मोठा घ्या. टाकीखालच्या बंद कपाटात तो कोंडू नका. पाण्यातून काढलेली उष्णता तो बाहेर फेकतो, तिला वाट हवी. हॉलमध्ये, खिडकीजवळ, मोकळ्या जागी ठेवा. बेडरूममध्ये त्याची घरघर रात्री जाणवेल.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते, तिचा विचार दुकानात कुणी करत नाही. १८ अंशांच्या काचेवर आपल्या दमट हवेतलं बाष्प जमतं आणि टाकीला अक्षरशः घाम फुटतो. पाणी ओघळून प्लायवूडचा स्टँड फुगतो. तीन बाजूंच्या थर्माकोलने बराचसा घाम थांबतो. समोरची काच पुसावी लागते. स्टँड लोखंडी, नीट रंगवलेला घ्या.

फिल्टर आपोआप ठरतो

एसीची खोली असेल तर एअरपंपावरचा स्पंज फिल्टर उत्तम: प्रवाह मंद, किंमत कमी, अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंना भरपूर जागा. चिलर असेल तर त्यातून पाणी फिरवायलाच लागतं, म्हणून कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या आणि परतीच्या पाण्याची तोटी काचेकडे वळवून तिचा जोर मोडा. अ‍ॅक्सोलॉटलला ओढ आवडत नाही. त्याचे कल्ले सतत पुढे वळलेले दिसले किंवा शेपटीचं टोक मुडपलेलं राहिलं, तर प्रवाह जास्त आहे. पाण्यात बुडवायचे पॉवर फिल्टर मी सुचवणार नाही, कारण त्यांची मोटर पाणी तापवते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला की जिवाणू मेले.

नळाचं पाणी

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला वेगवेगळ्या योजनांमधून. दोन्हीकडे क्लोरीन असतं, पावसाळ्यात आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर जास्त. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, फुकटात. अँटी-क्लोरीनचे थेंब लगेच काम करतात. मी थेंबांच्या बाजूने आहे, कारण सोसायटीची टाकी धुतल्यानंतर क्लोरीन किती वाढलंय ते बादलीकडे बघून कळत नाही. उन्हाळ्यात घोडबंदरकडे टँकर येतात. ते पाणी बोअरचं असू शकतं, म्हणून तपासल्याशिवाय घालू नका. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरत नाहीत. धरणाचं पाणी सहसा मऊ असतं आणि अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतं, तेव्हा फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी ठेवता येते.

पाणी बदलण्याचं पुस्तकी माप आठवड्याला २५ टक्के. इथे ते तसंच पाळलं तर फसगत होते. १८ अंशांच्या टाकीत नळाचं २९ अंशांचं पाव हिस्सा पाणी ओतलं की टाकी एकदम २०.७५ वर जाते. दहा टक्केच बदललं तर १९.१. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा थोडं थोडं बदला, किंवा नवीन पाणी फ्रिजमध्ये गार करून घ्या. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी विषारी नायट्रेट करतात. रोजची विष्ठा आणि खाऊन उरलेलं गांडूळ मोठ्या पिचकारीने त्याच दिवशी काढलं तर नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) आत राखणं जड जात नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. तपासायला पट्ट्यांपेक्षा थेंबांचा किट घ्या, जास्त भरवशाचा.

तळाशी खडे नकोत, तो गिळतो. उघडी काच किंवा अगदी बारीक वाळू.

विकत घेण्याआधी

अ‍ॅक्सोलॉटल साइट्स कराराच्या, म्हणजे संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेता पावती आणि कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

बजेट पंख्यापुरतंच असेल तर सध्या गप्पी किंवा गोरामी पाळा. २८ अंशांत ते मजेत राहतात.

चिलर घेणार असाल तर क्रम असा ठेवा. टाकी आणि फिल्टर आधी, चिलर बंद ठेवून. थोडा थोडा अमोनिया घालून जिवाणू वाढवायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि इथे आपली उष्ण हवा उपयोगी पडते, कारण गार पाण्यात ते फार हळू वाढतात. अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की चिलर सुरू करा. मग रिकामी टाकी पंधरवडाभर तशीच चालवा, शक्यतो मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये. रोज दुपारी चार वाजता थर्मामीटर बघा. तो २० च्या आत राहिला, तरच प्राण्यासाठी दुकान गाठा.