तारा लावायच्या असतील तर इथे जा, फक्त शनिवारी नको

मुलीच्या दातांसाठी गेली दीडेक वर्षं या क्लिनिकमध्ये येतोय. वय तेरा, वरचे दोन्ही सुळे बाहेर आणि खालचे दात एकमेकांवर चढलेले. आमचे नेहमीचे डेंटिस्ट म्हणाले होते की मीच लावतो तारा, पण नात्यातल्या एकीने सांगितलं की बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, तीन वर्षांचं एमडीएस केलेलाच डॉक्टर बघ, म्हणून इकडे आलो. इथल्या मॅडम ऑर्थोडॉन्टिस्टच आहेत, तासभर येऊन जाणारे व्हिजिटिंग वगैरे नाहीत.

पहिल्याच दिवशी ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि बाजूने डोक्याचा एक्स-रे, दातांचे साचे, फोटो एवढं सगळं केलं आणि मग सांगितलं की चारही बाजूंच्या सुळ्यामागच्या छोट्या दाढा काढाव्या लागतील. झालं, घरात नुसता गोंधळ! सासूबाई म्हणाल्या, वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, पोरीला आयुष्यभराचा चष्मा लागेल. हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय ना की शिकलेली माणसंही दाढ काढायला घाबरतात. मॅडमनी आईंना समोर बसवून एक्स-रे दाखवला, म्हणाल्या, आजी, दाताची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि जबड्यात जागाच नसेल तर दात सरळ करून ठेवायचे कुठे? आईंना पटलं का माहीत नाही पण गप्प बसल्या. दाढा काढून झाल्या, फटी जवळपास बुजल्यात आणि चष्मा अजून तरी नाही.

माझ्या नणंदेचं वेगळंच, तिचं म्हणणं तार ओढून ओढून दात सैल होतात आणि चाळिशीत पडतात. तर ट्रीटमेंट चालू असताना दात थोडा हलतो हे खरंय, कारण ज्या बाजूला ढकलतात तिकडचं हाड विरघळतं आणि मागे नवीन भरतं, तसंच तर तो सरकतो. म्हणूनच घाई करून जोरात ओढत नाहीत, दर चार ते सहा आठवड्यांनी थोडं थोडं. तार बदलली की तीन-चार दिवस दुखतं, तेव्हा मऊ भात, खिचडी. बाकी दात खराब होतात ते बहुतेक वेळा तारेने नाही, नीट न घासल्याने. ब्रॅकेटभोवती (तार अडकवायला दातावर चिकटवलेले छोटे तुकडे) पांढरे डाग पडतात आणि ते सहसा पूर्ण जात नाहीत, त्यामुळे इथे दर वेळी ब्रश तपासतात आणि मुलांना चांगलं झापतात (मला आवडलं).

आणि मोठ्यांना आता काय उपयोग, हेही डोक्यातून काढा. वेटिंगमध्ये माझ्याएवढ्या बायका तारा लावून बसलेल्या असतात, हिरड्या आणि हाड चांगलं असलं की झालं. उलट लहान मुलांचे सगळे दुधाचे दात पडेपर्यंत थांबायचं हे चूक, सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्यावं म्हणतात, कारण जबडाच मागेपुढे असेल तर वाढीच्या वयात जे जमतं ते नंतर कधीकधी ऑपरेशनवर जातं.

अलाइनरचा (तारांऐवजी घालायचे, काढता येणारे पारदर्शक साचे) आग्रह अजिबात केला नाही. मीच विचारलं, तर म्हणाल्या दिवसाला वीस-बावीस तास घालणार असेल तरच पैसे घाला, नाहीतर शाळेच्या डब्याबरोबर टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात जातात.

आता तक्रारी. शनिवारी अपॉइंटमेंट असूनही तास-दीड तास बसावं लागतं, पार्किंग म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नाहीत, ते आधी नीट विचारून घ्या, कारण रिटेनर घातला नाही तर दात परत फिरतात, अगदी अक्कलदाढ काढलेली असली तरी. तो अनेक वर्षं रात्री घालायचाच असतो. ब्रॅकेटवरच्या पारदर्शक रबरांवर आमटीतली हळद एका जेवणात चढते, पिवळीधम्मक होतात, तेव्हा पोरीला रंगीत घेऊ द्या, तिने मोरपंखी घेतलीत. चिक्की, ऊस, कणीस बंद. ब्रॅकेट निघालं तर एकदा फुकट लावतात, दुसऱ्यांदा पाचशे.

पाचापैकी चार स्टार, एक पार्किंगचा कापला.